अजिंठ्यात घाई करू नका
वाचकांचे प्रश्न, गाइडताईंची उत्तरं

‘लेणी बघायला जाताना गाइडला काय विचारावंसं वाटतं?’ असं संपादकांनी मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं. आलेली पत्रं त्यांनी माझ्याकडे पाठवली. मी छत्रपती संभाजीनगरात राहते आणि अजिंठा, वेरूळ, देवगिरी इथे परवानाधारक गाइड म्हणून काम करते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पाहुणे असतातच, जपानी ग्रुप आला की जपानीतही बोलते. सगळीच पत्रं इथे घेता आली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, गाइडचा दिवस नक्की कसा जातो? आम्हाला तुम्ही चार तास दिसता, तेही बोलताना. बाकीच्या वेळी काय करता? (एक वाचक, चिपळूण)

आमचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. एजन्सीकडून नावं येतात, पण नावांवरून काहीच कळत नाही. मग मी ड्रायव्हरदादांना फोन लावते. आज पाहुण्यांना घेऊन ते फिरलेले असतात, त्यामुळे खरी माहिती त्यांच्याकडेच असते. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला गाडी लागते, कोण सारखं घड्याळ बघतं, कोण खिडकीतून शेतं बघत बसतं. त्यावर दुसऱ्या दिवसाचा क्रम ठरतो.

अजिंठा इथून सुमारे शंभर किलोमीटर. सात वाजता हॉटेलातून निघालं तर फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि मग घाट उतरून लेणी उघडण्याच्या सुमारास पोचता येतं. या प्रवासात मी फार बोलत नाही. नव्या गाइडांना वाटतं की गाडीतला वेळ फुकट जातोय, म्हणून ते सातवाहनांपासून वाकाटकांपर्यंतचा इतिहास सिल्लोडच्या आतच संपवून टाकतात. पाहुणे ऐकून थकतात आणि लेण्यात शिरताना त्यांचे कान बंद झालेले असतात. मी सिल्लोडला चहा होईपर्यंत कापूस, मका, पाऊसपाणी एवढंच बोलते. अजिंठा गाव मागे पडलं की मग दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे ही लेणी एका दमात झालेली नाहीत. नऊ आणि दहा नंबर इसवी सनापूर्वीचे, सातवाहनांच्या काळातले. नंतर मोठा खंड पडला आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळी बाकीची बहुतेक कामं झाली. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांनी हे खोदलं ते पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहणाऱ्या भिक्खूंसाठी खोदलं. म्हणून ही जागा वाटेपासून फार लांब नाही आणि फार जवळही नाही. एक नंबर लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचा फोटो मी आधी दाखवत नाही, कुणी मोबाइलवर काढलाच तर बंद करायला सांगते.

टी-जंक्शनला गाडी ठेवायची आणि तिथून चार किलोमीटर शटल बसने जायचं. तिथे स्फटिकांचे खडे विकणारे हात पुढे करतात. चांगली पोरं आहेत, त्यांना रागावू नका. नको असेल तर ‘नको दादा’ म्हणायचं आणि चालू लागायचं.

मग पायऱ्या. वर आलं की वाघोरा नदीने घेतलेलं वळण आणि कड्यात ओळीने कोरलेली लेणी एका नजरेत येतात. इथे मी सगळ्यांना थांबवते, पाणी प्यायला लावते आणि एकच विनंती करते. एक नंबरात शिरल्यावर पहिली काही मिनिटं मी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. बाहेर लख्ख ऊन असतं आणि आत अंधार. डोळे त्या अंधाराला सरावेपर्यंत भिंतीवर काळपट डागांशिवाय काही दिसत नाही. मी रोज बघते, लोक दारातून आत येतात, ‘काही दिसत नाही हो’ म्हणतात, एक फोटो काढतात आणि बाहेर पडतात. शंभर किलोमीटर येऊन त्यांनी अजिंठा पाहिलेलाच नसतो. तेच लोक मधल्या मंडपात गप्प उभे राहिले की आधी छताची नक्षी उमटते, मग खांब, मग डाव्या हाताला पद्मपाणीचा मुकुट आणि सगळ्यात शेवटी त्याचे खाली झुकलेले डोळे. जो तो आपापल्या वेळेने बघतो, आणि कुणाला दिसलं ते मला त्याच्या खांद्यांवरून कळतं. खांदे सैल होतात.

मग गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती. तिच्यावर एका बाजूने प्रकाश टाकला की चेहरा गंभीर वाटतो, दुसऱ्या बाजूने टाकला की ओठांवर हसू येतं, आणि समोरून टाकला की मन शांत करणारा भाव दिसतो. ही गोष्ट आम्ही सगळेच गाइड दाखवतो. काही जण ती जादूसारखी दाखवतात. मी आधी विचारते, ‘काय दिसतंय?’ उत्तर पाहुण्यांकडून आलं तर ते त्यांच्याबरोबर घरी जातं.

पुढे दोन, नऊ, दहा, सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस. एवढी नीट पाहिली तर दिवस सार्थकी लागतो. सगळी तीस लेणी दाखवा असा आग्रह धरणारे पाहुणे असतात. त्यांना मी समजावून बघते, नाही पटलं तर दाखवते. पण बाराव्या-पंधराव्या लेण्यानंतर त्यांचं बघणं संपलेलं असतं, मोजणं फक्त चालू असतं.

सव्वीस नंबरात डाव्या भिंतीलगत महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, साधारण सात मीटर लांबीची. बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले, खाली शोक करणारे शिष्य आणि वर आनंदाने आलेले देव. इथे माझं काम जवळपास थांबतं. श्रीलंकेचे, थायलंडचे, व्हिएतनामचे यात्रेकरू इथे बसून पाठ म्हणतात, आणि चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, कमानीदार छताखाली तो आवाज भरून राहतो. विदर्भातून, मराठवाड्यातून बाबासाहेबांना मानणारी कुटुंबं येतात, आजी नातवंडांना पुढे करते, हात जोडायला शिकवते. त्यांना मी इतिहास सांगायला जात नाही. त्यांनी विचारलं तर सांगते.

दीड-दोनच्या सुमारास खाली उतरून जेवण. परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपतात आणि मी वही काढते. दिवसभरात आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचं उत्तर अजून नीट वाचायला हवं ते लिहून ठेवते. रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. सीझनमध्ये घसा हीच आमची भाकर.

मी निवृत्त मुख्याध्यापक. वय त्र्याहत्तर, दोघांचेही गुडघे दुखतात. मुलं म्हणतात अजिंठा आता जमणार नाही. खरं आहे का? (सोलापूर)

काका, जमेल. मुलांना माझं नाव सांगा.

सुरुवातीच्या पायऱ्या हाच खरा चढ आहे. त्यासाठी डोली मिळते, चार माणसं खांद्यावर घेऊन वर नेतात. दर खालीच ठरवा, आणि नुसतं वरपर्यंत की सव्वीसपर्यंत नेऊन परत आणायचं, तेही आधीच बोलून घ्या, म्हणजे वर वाद होत नाही. डोलीत बसायला पुष्कळ जणांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. ती त्या माणसांची रोजी आहे आणि त्यांना प्रत्येक पायरी पाठ आहे. काकूंना पुढे जाऊ द्या, तुम्ही मागून या, म्हणजे दोघांनाही एकमेकांची काळजी राहणार नाही.

वर गेल्यावर लेण्यांसमोरून जाणारी वाट बरीचशी सपाट आहे, मधेमधे चढउतार आहेत. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून वाकून बंद लावायचे बूट नकोत, सरकवायच्या चपला बऱ्या. पायमोजे बरोबर ठेवा. हिवाळ्यात सकाळी दगड गार लागतो आणि एप्रिलमध्ये अंगणातला दगड पोळतो.

एक, दोन, सोळा, सतरा एवढं बघून परत आलात तरी चालेल. बहुतेक चित्रं याच चार लेण्यांत आहेत.

वेरूळला तर काहीच अडचण नाही. कैलास लेणं, म्हणजे सोळा नंबर, फाटकासमोरच आहे. तिथे खालच्या अंगणात फिरायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. काकांना एक जागा सांगून ठेवते. मंदिराच्या दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. बाजूला टेकून उभे राहा आणि पार्वतीकडे बघा, तिने शंकराचा दंड धरलाय. मग मागे पळत सुटलेली दासी बघा. शंकर मात्र जागचा हललेला नाही. तुम्ही आयुष्यभर वर्ग सांभाळलेत, तुम्हाला ते शिल्प माझ्यापेक्षा जास्त कळेल.

नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं, हातात दोनच दिवस, शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी. कसं बसवावं? मुलं कंटाळतील का? (ठाणे)

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. जोडून सुट्टी घेऊन सोमवारी अजिंठ्याला आलेली कुटुंबं मी टी-जंक्शनला परत फिरताना पाहिली आहेत, मुलांचे चेहरे बघवत नाहीत. तुम्ही रविवारी अजिंठा करा आणि सोमवारी देवगिरी व वेरूळ.

सोमवारी सकाळी उन्हाच्या आत देवगिरीचा किल्ला चढा. अंधारी मुलांना फार आवडते. भुयारी वाट आहे, वळणं आहेत, आणि शत्रू आत आला तर त्याचं काय होईल हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही. जेवून दुपारी वेरूळला या. वेरूळचा डोंगर उत्तर-दक्षिण पसरलाय आणि लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून दुपारनंतर ऊन आत येतं. दहा नंबरच्या चैत्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार का झोपडा म्हणतात, वरच्या खिडकीतून उजेड बुद्धाच्या मूर्तीकडे जातो. सकाळी तेच लेणं निस्तेज दिसतं. चौतीस लेणी एका दुपारी होणार नाहीत. दहा, बारा, सोळा आणि बत्तीस करा, म्हणजे बौद्ध, हिंदू आणि जैन तिन्ही परंपरा मुलांच्या डोळ्यांखालून जातील.

कंटाळ्याचं म्हणाल तर मुलं कंटाळत नाहीत, आपण त्यांना तारखा सांगून कंटाळा आणतो. माझ्याबरोबर मुलं असली की मी त्यांना काम देते. एक नंबरात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाचं अंग झाका, डोकं दुसऱ्याला बरोबर बसतं. तो खांब त्यांना शोधू द्या. तुम्ही दाखवू नका, गाइडलाही सांगून ठेवा. सतरा नंबरात पागोटं बांधलेली अप्सरा आहे. मुलांना विचारा, ही उभी आहे की उडतेय? पंख तर नाहीत. मग बारा वर्षांचा कुणीतरी नीट बघतो आणि ओरडतो, ‘तिच्या गळ्यातल्या माळा एका बाजूला गेल्यात!’ चित्रकाराने वारा काढलेला नाही, माळा तिरक्या काढल्यात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने केलेली युक्ती आजच्या पोराने एकट्याने पकडली, याचा त्याला किती आनंद होतो ते बघाच.

दहा नंबरात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख घालून आपलं नाव कोरून ठेवलंय. ते माणसाच्या उंचीपेक्षा वर आहे, कारण तेव्हा लेण्यात माती आणि दगडमाती साचली होती आणि तो त्या ढिगावर उभा होता. मुलांना विचारा, एवढ्या वर हात कसा पोचला? आणि त्याच वेळी हेही सांगा की भिंतीवर नाव कोरणं हा आज गुन्हा आहे, आणि तेव्हाही ते बरं नव्हतं. ‘स्मिथने लेणी शोधली’ असं पुस्तकात असतं. जवळच्या लेणापूरच्या लोकांना ती ठाऊकच होती. बाहेरच्या जगाला तेव्हा कळली, एवढंच.

चित्रं इतकी काळी का पडली? आणि फ्लॅशला एवढा विरोध कशासाठी? एका फोटोने काय होतं? (एक गृहिणी, सांगली, असाच प्रश्न नागपूर आणि मडगावहूनही)

तुमच्या एका फोटोने फार काही होणार नाही, हे मान्य. पण सुट्टीच्या दिवशी त्या भिंतीसमोरून हजारो माणसं जातात. रंग एकदा उडाला की तो परत लावता येत नाही. तिथे आपण कुणीच ‘एकटे’ नसतो.

चित्रं कशावर आहेत ते सांगते, मग सगळं स्पष्ट होईल. खडकाचा पृष्ठभाग छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलाय. त्यावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे आणि बारीक वाळू. तो गुळगुळीत करून वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. ओल्या चुन्यावर रंगवलेलं नाही, म्हणून रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरा, हे सगळं आसपास मिळण्यासारखं. निळा मात्र राजावर्त दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. सतरा नंबरात निळा जिथे टिकून आहे तिथे मी पाहुण्यांना थांबवते. एवढ्या दरीत, एवढ्या आतल्या भिंतीसाठी कुणीतरी तो दगड केवढ्या लांबून मागवला होता.

अशा मातीच्या गिलाव्याला ओल लागते, किडे लागतात, वटवाघळं आणि धूर यांनी तो माखतो. लेणी शतकानुशतकं उघडी होती. त्यातच चांगल्या हेतूने केलेल्या कामाचाही त्रास झाला. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा पक्का बसवला, हे त्यांचे उपकार आहेत. पण रंग उठून दिसावेत म्हणून वर लाखेचं वॉर्निश चढवलं गेलं, आणि ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं. आज तुम्हाला जो काळपटपणा दिसतो त्यातला बराचसा त्या थराचा आहे. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो तसूतसूने काढतात. एकदा दोन नंबरात असं काम चालू असताना मी बाजूला उभी होते. हातात कापसाचा बोळा, समोर तळहाताएवढा तुकडा, आणि त्याखालून निघालेला गुलाबी रंग. शेजारच्या काळ्या भिंतीवर तो गुलाबी बघून माझ्याबरोबरच्या जपानी बाईंनी तोंडावर हात ठेवला.

आता सांगा, त्या भिंतीला टेकून कसं उभं राहावं? आम्ही ‘मागे सरका’ म्हणतो तेव्हा पाहुण्यांना राग येतो. मला त्या रागाची सवय आहे, मी तरीही म्हणते. श्वासाची वाफसुद्धा जमते म्हणून आत एका वेळी ठरावीक लोकांनाच सोडतात. अटेंडंट बाहेर थांबवतो तेव्हा त्याच्याशी भांडू नका, तो तुमच्याच नातवंडांसाठी थांबवतोय.

फ्लॅशशिवाय फोटो काढायला हरकत नाही. पण आधी डोळ्यांनी बघा.

कैलास मंदिर माणसांनी बांधणं शक्यच नाही, परग्रहावरच्या लोकांनी लेझरने कापलं असे व्हिडिओ माझा मुलगा बघतो. तुम्ही पाहुण्यांना काय सांगता? (एक पालक, जळगाव)

मुलाला घेऊन या. व्हिडिओ खोटा आहे असं मी त्याला सांगणार नाही, त्याला भिंत दाखवीन.

कैलासाच्या अंगणात मागच्या कड्याकडे तोंड करून उभं राहायचं. हे अंगण साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच. त्या कड्यावर छिन्नीचे घाव आहेत, ओळीने, तिरके, हाताच्या लयीत पडलेले. दुपारच्या उन्हात त्यांच्या सावल्या पडतात आणि ते मोजता येतात. लेझरला लय नसते.

काम वरून खाली केलं आहे. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खणले, मधे खडकाचा एक प्रचंड ठोकळा सुटा राहिला आणि त्याला शिखरापासून खाली कोरत आणलं. म्हणजे कळस आधी, हत्ती नंतर. अशा कामाला परांची, उंच मचाण लागत नाही, कारण कारागीर उभा असतो तीच जमीन असते. तो खाली खाली जातो. बेसॉल्ट कठीण आहे, पण त्या लोकांच्या आधी आठशे-नऊशे वर्षं सह्याद्रीत माणसं हाच दगड कोरत आली होती. पिढ्यांचं शिक्षण होतं.

आणि पद्धत कशी होती हे बघायचं असेल तर अजिंठ्याचं चोवीस नंबर बघा. ते अपुरं राहिलंय. छत वरून खोदत आणलंय, खडकाचे ओबडधोबड सोट खांब होण्याची वाट बघत उभे आहेत. मला ते लेणं फार प्रिय आहे. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागीर दिसत नाही, इथे तो नुकताच जेवायला गेल्यासारखा वाटतो. बहुतेक गाइड वेळ नाही म्हणून तिथून पुढे जातात. तुम्ही हट्टाने आत जा.

कैलास कुणी केलं याचा लेखी पुरावाही आहे. राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्कराजाचा बडोद्याला मिळालेला, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा ताम्रपट आहे. त्यात एलापूरला, म्हणजे वेरूळला, कृष्णराजाने बांधवलेल्या मंदिराचं वर्णन येतं. देव विमानातून ते बघतात आणि हे माणसाचं काम नव्हे म्हणून चकित होतात. ज्याने ते केलं तो शिल्पीसुद्धा म्हणतो, हे माझ्या हातून कसं झालं? आश्चर्य त्या काळातल्या लोकांनाही वाटलंच होतं, फक्त त्यांनी श्रेय शिल्पकाराकडून काढून घेतलं नाही. मला त्या व्हिडिओंचा राग येतो तो एवढ्यासाठीच. आपल्याच मातीतल्या, नाव मागे न ठेवलेल्या हातांकडून त्यांचं काम आपण हिरावून घेतो.

रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट खरी की नुसती दंतकथा? (पुणे)

माणसं खरी. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून अनेक वर्षं इथल्या चित्रांच्या मोठ्या तैलप्रती केल्या. लंडनला पाठवलेल्या त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. लोक जिला गिलची प्रेयसी म्हणतात त्या पारोची कबर अजिंठा गावात आहे, तिच्यावर १८५६ साल आहे. बाकीची गोष्ट लोकांनी प्रेमाने वाढवली आहे, आणि मी ती तशीच, लोकांची गोष्ट म्हणून सांगते. कबरीपाशी गेलात तर गावातल्या कुणालाही विचारा, दाखवतील.

गाइड पाहुण्यांना दुकानात नेतात आणि कमिशन खातात, असा अनुभव आहे. राग येऊ देऊ नका, पण उत्तर द्या. (कोल्हापूर)

राग येत नाही. हे होतं.

गाइडची फी दिवसाची असते, सीझन ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये कामं आटतात. २०२० च्या मार्चपासून महिनोन्महिने लेणी बंद होती तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांनी भाजी विकली, रिक्षा चालवली. काही एजन्सी फी कमी देतात आणि ‘बाकीचं दुकानातून काढा’ असं तोंडावर सांगतात. मी अशा एका एजन्सीचं काम सोडलं, मला ते परवडलं म्हणून. ज्याच्या घरी शाळेच्या फिया थकल्यात त्याला मी उपदेश करणार नाही.

तरीही पाहुण्यांच्या बाजूने सांगते. सकाळीच विचारा, ‘आज दुकान आहे का?’ नको असेल तर स्पष्ट सांगा, त्यात उद्धटपणा नाही. अजिंठ्याला जाताना कुठलंही दुकान नको, सकाळचा तो वेळ लेण्यांचा आहे. संध्याकाळी शहरात हिमरू किंवा पैठणी बघायची हौस असेल तर जरूर बघा. फक्त माग चालू असलेल्या ठिकाणी जा, विणणाऱ्याशी बोला, धागा हातात घ्या. हिमरू विणणारे आता मोजकेच उरले आहेत, तिथे दिलेला पैसा वाया जात नाही.

आणि बक्षिसी द्यायची असेल तर ड्रायव्हरदादांना विसरू नका. तुम्ही झोपलेले असता तेव्हा ते जागे असतात.

मी इतिहासात बी.ए. करते. मला गाइड व्हायचं आहे. घरचे म्हणतात हे मुलींचं काम नाही. (लातूर)

मुलींचं काम आहे. एकट्या प्रवास करणाऱ्या बायका, आयांबरोबर आलेल्या लेकी, परदेशी स्त्रिया, या सगळ्यांना बाई गाइड हवी असते आणि आम्ही पुरेशा नाही. घरच्यांना कशाची काळजी आहे ते नीट विचार. बहुतेक वेळा ती रात्रीच्या प्रवासाची असते. त्याला उत्तर आहे. सुरुवातीला दिवसाचीच कामं घ्यायची, गाडीचा नंबर घरी कळवायचा, ओळखीच्या एजन्सीबरोबरच काम करायचं.

परवाना लागतो. केंद्राच्या आणि राज्याच्या पर्यटन खात्यांचे प्रशिक्षण कार्यक्रम असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. परीक्षेपुरतं वाचू नकोस. लेण्यांतले शिलालेख काय म्हणतात ते वाच. सोळा नंबर वराहदेवाने दान दिलं, तो हरिषेणाचा मंत्री होता, हे तिथल्याच लेखात आहे. पाहुण्याला ‘असं म्हणतात’ सांगण्यापेक्षा ‘इथे लिहिलंय’ म्हणून बोट दाखवता आलं पाहिजे. जातककथा, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, पाठ कर. विश्वंतर, महाकपी, षड्दंत या नीट सांगता आल्या तर सतरा नंबरच्या भिंती आपोआप बोलायला लागतात.

इंग्रजी हवंच, पण इंग्रजीचे गाइड पुष्कळ आहेत. कोरियन, व्हिएतनामी किंवा थाई शीक. या देशांतून बौद्ध यात्रेकरू येतात आणि त्यांच्या भाषेत बोलणारं कुणी सहसा मिळत नाही. मी जपानी शिकले तेव्हा शहरात वर्ग नव्हता, पुस्तकं आणि कॅसेट यांवर शिकले. तुझ्याकडे मोबाइल आहे, तुला माझ्यापेक्षा लवकर येईल.

पहिल्या सीझनला एखाद्या जुन्या गाइडच्या मागे नुसती फीर, बोलू नकोस. तो काय सांगतो यापेक्षा कुठे उभं करतो, कधी गप्प बसतो, म्हाताऱ्या माणसाला पायरी कशी सांगतो ते टिपून घे. सहा नंबरात खांबांवर टकटक करून आवाज काढून दाखवा असं लोक म्हणतील, तिथे नाही म्हणायला शीक. नोव्हेंबरमध्ये मी आठवड्यातून बरेच दिवस अजिंठ्यालाच असते. संपादकांना पत्र लिही, ते माझ्यापर्यंत पोचवतील. टी-जंक्शनला नवाच्या आत ये, आणि टाचेचे बूट घालून येऊ नकोस.